वेगदर्शकाची नाडीपरीक्षा

मनुष्याला दुखणें आलें म्हणजे तो बोलून दाखवितो. जनावरास वाणी नसते, तरी तें चारा सोडून आपली व्यथा धन्यास कळवितें. यंत्र तेवढें मुकें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचें मत याहून निराळें आहे. यंत्रहि बोलतें, किंबहुना ज्याला खोटें बोलण्याची कला मुळींच अवगत नाहीं असा रोगी यंत्राखेरीज दुसरा मिळणें कठीण. मात्र त्याचें बोलणें सूत्रमय असतें, आणि सूत्राचा अर्थ लावण्यास भाष्यकाराची सबुरी लागते. ती सबुरी नसली म्हणजे एका तारेचा दोष सबंध यंत्राच्या माथीं बसतो, आणि घरधन्याचा खिसा विनाकारण हलका होतो.

या महिन्यांत आम्ही जुन्या मोटारगाडींतील वेगदर्शकाचीं, म्हणजे ज्याला आपण सर्वजण स्पीडोमीटर किंवा नुसतें 'मीटर' म्हणतों त्याचीं, दुखणीं कशीं ओळखावीं हें सांगणार आहों. विषय यांत्रिक असला तरी त्याला लागणारी सामुग्री म्हणजे थोडें निरीक्षण, थोडें त्रैराशिक आणि थोडा तर्क, इतकीच आहे. व ती आमच्या वाचकांच्या घरीं, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींपाशीं, भरपूर असते. धिरडें तव्यास चिकटलें तर दोष पिठाचा, तव्याचा कीं आंचेचा, हें ज्या क्षणार्धांत ओळखतात, त्यांस पुढील विवेचन अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम कोणत्या गाडीविषयीं आम्ही बोलत आहों तें स्पष्ट केलें पाहिजे. हल्लींच्या गाड्यांत चाकापाशीं अथवा गिअरबॉक्सवर एक लहानसा विजेचा सेन्सर असतो. तो फेऱ्यांचे ठोके मोजून तारेनें पुढें पाठवितो, व त्या हिशेबानें कांटा हलतो किंवा आंकडे दिसतात. तेथें आमची विद्या फारशी चालत नाहीं. परंतु बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांतून बाहेर पडलेल्या जुन्या अँबॅसडर गाड्या, किंवा मुंबईस कुर्ला येथें तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी, यांच्यांत सेन्सर नाहीं. तेथें सर्व कारभार केबल व चुंबक यांचा आहे. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं बंद पडलें, आणि पद्मिनी जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि कित्येक घरीं वडिलांची गाडी म्हणून असल्या गाड्या अद्याप झांकून-पुसून ठेवलेल्या आढळतात. त्यांच्यासाठीं हा प्रपंच.

आतां यंत्राची रचना पाहूं. गिअरबॉक्समधून मागील चाकांकडे शक्ति नेणारा जो दांडा असतो, त्यावर मळसूत्रासारखे दांते असतात. त्यांत एक लहानसें दंतचक्र अडकविलेलें असतें. मिस्त्री त्याला पिनियन म्हणतात. पिनियनच्या पोटांतील खांचेंत केबलचें चौकोनी टोंक बसतें. केबल म्हणजे पोलादी तारांचे थरावर थर पिळून केलेली लवचिक दोरी. ती एका नळीसारख्या वेष्टणांतून डॅशबोर्डापर्यंत जाते, व तेथें तिचें दुसरें टोंक मीटरच्या पाठींत शिरतें. गाडी चालूं लागली कीं वेष्टण जागच्या जागीं राहतें आणि आंतली केबल गरगर फिरते.

मीटरच्या पोटांत याच केबलनें एक लोहचुंबक फिरविला जातो. त्याला लागून, परंतु त्यास मुळींच स्पर्श न करणारी, अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. वाटीच्या दांडीवर कांटा बसविलेला असतो, आणि तिला मागें ओढून धरणारी, घड्याळांत असते तशी, केसासारखी बारीक स्प्रिंग असते. अ‍ॅल्युमिनियम लोहचुंबकास चिकटत नाहीं हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. मग चुंबक फिरला असतां वाटी कां वळावी? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास मोठमोठ्या पंडितांस कष्ट पडले. १८२४ च्या सुमारास अरागो या फ्रेंच शास्त्रज्ञास असें दिसून आलें कीं, तांब्याची तबकडी फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागोमाग वळूं लागते. त्याचें कारण इंग्लंडांत फॅरडेच्या १८३१ सालच्या शोधानें उलगडलें. चुंबक धातूजवळून सरकला म्हणजे धातूंत विजेचे भोंवरे उठतात. ते भोंवरे स्वतः चुंबकासारखे वागतात, आणि मूळ चुंबकाच्या गतीबरोबर त्या धातूला ओढूं पाहतात. या तत्त्वावर मोटारीचा वेगदर्शक करण्याचें पेटंट स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्त्से यानें १९०२ सालीं घेतलें, आणि पुढें जवळजवळ सबंध शतक जगांतील बहुतेक गाड्यांचे कांटे त्याच्याच युक्तीनें हलले.

चुंबक जितक्या वेगानें फिरेल तितकी वाटीवरील ओढ अधिक; कांटा जितका पुढें जाईल तितका स्प्रिंगचा विरोध अधिक. जेथें ओढ आणि विरोध समबल होतात, तेथें कांटा स्थिरावतो. दोन्ही प्रमाणबद्ध असल्यामुळें तबकडीवरील रेघा सारख्या अंतरावर काढतां येतात. न शिवतां ओढणें आणि न तोडतां आवरणें, या दोन शक्तींच्या मध्यें कांटा उभा असतो, हें ज्याच्या ध्यानांत राहील त्याला पुढची रोगपरीक्षा सोपी जाईल.

कांट्याखालीं किलोमीटरचे जे आंकडे सरकतात, त्यांचा संसार मात्र निराळा आहे. तेथें चुंबक नाहीं, स्प्रिंग नाहीं, भोंवरे नाहींत. चुंबक फिरविणाऱ्या दांड्यावरच एक मळसूत्र असतें; तें लहान दंतचक्रांना फिरवितें व तीं आंकड्यांच्या चकत्यांना सरकवितात. ही युक्ति फार प्राचीन आहे. रोमन स्थपति व्हिट्रूव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत अशाच एका रथाचें वर्णन केलें आहे. त्यांत चाकाचे ४०० फेरे झाले, म्हणजे एक रोमन मैल पुरा झाला, कीं एक खडा भांड्यांत पडे. मुक्कामास पोंचल्यावर खडे मोजावे, तितके मैल झाले. आपल्या मीटरांतील चकती आणि तो खडा यांत तत्त्वतः कांहीं भेद नाहीं.

येथें आम्हांस देहलीदीपन्यायाचें स्मरण होतें. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि. आपली केबल ही तसा दिवा आहे: एकाच फिरण्यानें ती कांटाहि हलविते आणि आंकडेहि सरकविते. घर आणि अंगण दोन्ही एकदम काळोखांत बुडालीं तर दिवा विझला असें समजावें. घरांत उजेड आहे आणि अंगणांत नाहीं, तर दिव्याला दोष न देतां मध्यें काय आडवें आलें तें पाहावें. वेगदर्शकाची सारी रोगपरीक्षा या एका दृष्टांतांत सांठविलेली आहे. न्यायशास्त्रांत ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो हाच. एक असतां दुसरें असतें काय, आणि एक नसतां दुसरें नसतें काय, हें दोन्ही बाजूंनीं पाहिल्यावांचून कारणाचा निश्चय करूं नये.

तेव्हां पहिला प्रश्न सदैव एकच विचारावा: कांटा व आंकडे, यांपैकीं कोण चालतें आणि कोण थांबलें?

दोन्ही थांबले असतील, तर दोष मीटरच्या अलीकडे आहे असें प्रथम मानावें. म्हणजे केबल तुटली आहे, तिचें टोंक निसटलें आहे किंवा झिजून गोल झालें आहे, अथवा पिनियनचे दांते गेले आहेत. आंकडे सुरळीत सरकतात परंतु कांटा हलत नाहीं, तर केबल निर्दोष आहे. दोष मीटरच्या पोटांत, वाटी, स्प्रिंग किंवा कांटा यांपैकीं कोठें तरी आहे. उलटपक्षीं कांटा ठीक चालतो पण आंकडे थांबले, तर तेंहि मीटरच्याच पोटांतील, परंतु आंकड्यांच्या दंतचक्रांचें दुखणें होय. गाडी चालूं असतां प्रवासाचे आंकडे शून्यावर आणण्याची खुंटी दाबल्यानें हीं नाजूक चक्रें पुष्कळदां मोडतात. म्हणून ती खुंटी गाडी उभी असतांच दाबावी.

चौथा प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे: दोन्ही चालतात, पण खोटें सांगतात. येथें पुन्हा अन्वय-व्यतिरेक लावावा. कांटा आणि आंकडे दोन्ही एकाच प्रमाणांत चुकत असतील, तर खोट मीटरांत नसून टायरांत किंवा पिनियनच्या दांत्यांच्या संख्येंत आहे. समजा, मूळच्या टायराचा व्यास ६५ सेंटिमीटर होता. तर एका किलोमीटरांत चाकाचे सुमारें ४९० फेरे होतील. त्याऐवजीं ६२ सेंटिमीटरांचा टायर चढविला तर तेवढ्याच वाटेंत सुमारें ५१३ फेरे होतील, आणि बिचारा मीटर प्रामाणिकपणें शेंकडा पांचाच्या हिशेबानें अधिक सांगूं लागेल. त्याची चूक नाहीं. त्याला सांगितलेली त्रैराशिकाची पहिली राशीच कोणी बदलली आहे. परंतु आंकडे बरोबर आणि कांटाच तेवढा खोटा, असें असेल तर दोष चुंबकाचा किंवा स्प्रिंगचा समजावा. चुंबक म्हातारा होऊन दुबळा पडला तर कांटा कमी दाखवितो. स्प्रिंग सैल पडली तर अधिक दाखवितो.

कांट्याच्या वागणुकीवरूनहि बरेंच कळतें. तो मंदगतींत थरथरतो, उड्या मारतो, आणि वेग वाढला कीं कांहींसा सावरतो. शिवाय डॅशबोर्डामागून टिकटिक किंवा किरकिर ऐकूं येते: असें असेल तर केबल कोरडी पडली आहे, अथवा तिचें वेष्टण कोठें तरी फार आवळून वळलेलें आहे. केबल क्षणभर अडकते, पिळली जाते, मग एकदम सुटते. तिच्या या अडखळण्याचें चित्र कांटा आपल्याला दाखवितो. हें दुखणें साधें आहे, पण त्याची हेळसांड केली तर केबल शेवटीं तुटतेच. कांटा जर एकदम शेवटच्या आंकड्यावर जाऊन अडून बसला, तर मात्र चुंबक आणि वाटी यांच्यामध्यें वंगण शिरलें आहे किंवा आंतील बेअरिंग सुकून वाटीला फरफटत नेऊं लागलें आहे, अशी शंका घ्यावी. जेथें स्पर्श नसावा तेथें स्पर्श झाला, म्हणजे मर्यादा सुटते.

केबलला ग्रीस लावणाऱ्यांच्या उदारपणाविषयीं येथें दोन शब्द बोलणें भाग आहे. पुष्कळांस वाटतें, थोडें लावण्यापेक्षां पुष्कळ लावावें. परंतु केबल पिळदार असल्यामुळें फिरतांना ती ग्रीसला मळसूत्राप्रमाणें वर वर चढविते, आणि तें थेट मीटरच्या पोटांत नेऊन सोडते. म्हणून केबल पुसून स्वच्छ करावी, ग्रीसचा पातळ हात फिरवावा, आणि मीटरकडील टोंकाजवळचा सहा इंच भाग कोरडा ठेवावा. ग्रीस न लावतांच केबल तेलानें माखलेली निघाली, तर पिनियनजवळचें सील झिजून गिअरबॉक्सचें तेल वर चढत आहे असें जाणावें, व आधीं तें सील बदलावें.

आतां एक घडलेली हकीकत सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं नाशकास नोकरीला आहे. त्याच्या वडिलांची १९८४ सालची अँबॅसडर त्यानें जतन करून ठेविली आहे. वडील दोन वर्षांपूर्वीं वारले. ते हिशेबी गृहस्थ होते. गाडींत पेट्रोल भरलें कीं तारीख, लिटर आणि मीटरवरील आंकडा एका वहींत लिहून ठेवीत. टाकी प्रत्येक वेळीं गळ्यापर्यंत भरावयाची, हा त्यांचा नियम. मुलानेंहि तो नियम आणि ती वही पुढें चालविली होती. गेल्या पावसाळ्यांत मीटरचा कांटा थरथरूं लागला, पुढें टिकटिक सुरू झाली, आणि एके दिवशीं कांटा शून्यावर पडला तो पडलाच. आंकडेहि ८४,३१७ वर थांबले. त्याच आठवड्यांत गाडीस नवे टायर घातले होते. तेव्हां टायरांमुळेंच हें झालें, अशी घरांत समजूत झाली. हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. टायर बदलल्यानें आंकडे थोडे पुढेंमागें होतील. ते गोठणार नाहींत.

एका गॅरेजांत गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनीं डॅशबोर्डाला हातहि न लावतां सांगितलें कीं, "मीटर गेला. जुना काढून टाकूं आणि दुसरा बसवूं." दुसरा मीटर मिळत होता, आणि पैशांचीहि मोठीशी अडचण नव्हती. अडचण निराळीच होती. दुसऱ्या मीटरवर दुसऱ्याच कोणाचे किलोमीटर असणार. मुलाच्या मातुःश्रींनीं आम्हांस दूरध्वनीवर सांगितलें, "मास्तर, गाडी दाराशीं उभी राहिली तरी चालेल, पण ह्यांनीं चालविलेले किलोमीटर कोणाला काढून नेऊं देऊं नका." या वाक्याला उत्तर देण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. "वहिनी, मीटर काढण्याआधीं एकदां विचारूं तरी त्याला काय झालें तें," एवढेंच आम्ही म्हणालों, आणि पुढच्या रविवारीं नाशकास गेलों.

परीक्षा अर्ध्या तासाची होती. कांटा व आंकडे दोन्ही एकदम थांबले, म्हणजे घर आणि अंगण दोन्ही अंधारांत. तेव्हां संशय दिव्यावर. मीटरच्या पाठीमागें केबलचें वेष्टण धरून ठेवणारा खांचेदार नट असतो; तो हातानेंच सुटला. आंतली केबल ओढतांच ती निम्मीशिम्मीच हातांत आली. तुटलेल्या जागीं तारा चमकत होत्या, आणि केबल सगळी कोरडी ठणठणीत होती. येथेंच थांबून "केबल तुटली, नवी घाला" असें म्हणणें सोपें होतें. परंतु केबल तुटणें हें कार्य आहे. त्याचें कारण अद्याप सांपडलें नव्हतें. कारण तसेंच राहिलें तर नवी केबल जुनीच्या वाटेनें जाणार.

कारणें दोन संभवत होतीं. एक, मीटरचा दांडाच जाम झाला असेल व केबल त्याला फिरवितां फिरवितां पिळून तुटली असेल; दुसरें, केबलच्या वाटेंतच अडथळा असेल. पहिल्याची परीक्षा आम्हीं तुटक्या केबलच्या चौकोनी टोंकानेंच केली. तें मीटरच्या खांचेंत घालून, केबल फिरते त्याच दिशेनें बोटांनीं झटकन् फिरविलें. कांटा टुणकन् उडून परत आला. दांडा हलका होता. चिमटीनें पुष्कळ वेळ फिरविल्यावर आंकड्यांची शेवटची चकतीहि किंचित् सरकली. मीटर निर्दोष ठरला. मातुःश्री दाराशीं उभ्या राहून पाहत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण आंत जाऊन त्यांनीं चहाचें आधण ठेविलें.

मग वेष्टण चांचपलें. डॅशबोर्डाच्या पाठीमागें, जेथें मागें कधीं तरी गाणीं ऐकण्याचें यंत्र बसविलें होतें, तेथें वेष्टण एका तारेनें करकचून बांधून जवळजवळ काटकोनांत मुरडलेलें आढळलें. केबलच्या वेष्टणाला सहा इंचांहून कमी त्रिज्येचें वळण देऊं नये, असा सामान्य नियम आहे. येथें वळण दोन इंचांचेंहि नव्हतें. कोरडी केबल आणि आवळलेलें वळण: थरथर, टिकटिक आणि शेवट, या तिन्हींचा उलगडा एकाच कारणानें झाला. राहिला पिनियन. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, केबलचा उरलेला तुकडा काढून टाकून, नवी केबल खालच्या बाजूस जोडली, वरचें टोंक मोकळें ठेविलें, आणि दोघांनीं गाडी चार पावलें ढकलली. टोंक फिरूं लागलें. पिनियनहि निर्दोष. मग वेष्टणाला ऐसपैस वळण देऊन, पातळ ग्रीस लावून, नट हातानेंच आवळला. केबलचा खर्च दुसऱ्या मीटरच्या मानानें अगदींच किरकोळ होता. संध्याकाळीं आंकडा ८४,३१८ झाला.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण मुलानें एक प्रश्न काढला. "मास्तर, मधल्या काळांत गाडी चालली, पण आंकडे चालले नाहींत. मीटरच्या दांड्याला ड्रिल लावून तेवढे किलोमीटर पुढें सरकवूं काय? म्हणजे वही बरोबर जुळेल."

हेतु चांगला होता, म्हणून आम्हीं प्रथम हिशेब मांडला. वहीवरून पाहतां गाडी लिटरास सरासरी ९ किलोमीटर चालते. शेवटच्या तीन नोंदी अशा होत्या: टाकी भरली तेव्हां आंकडा ८४,२८१, पुढें २० लिटर पेट्रोल घातलें तेव्हां ८४,३१७, त्यापुढें २४ लिटर घातलें तेव्हांहि ८४,३१७. म्हणजे एकंदर ४४ लिटरांत गाडी अंदाजें ३९६ किलोमीटर चालली, आणि मीटरनें त्यांपैकीं ३६ च नोंदले. सुमारें ३६० किलोमीटर नोंदीबाहेर राहिले. वडिलांच्या वहीनें मीटरची ही उणीव भरून काढली, हें पाहून मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें.

परंतु आंकडा पुढें सरकविण्यास आम्हीं संमति दिली नाहीं. ३६० हा आंकडा अनुमानानें काढलेला आहे. ८४,३१७ हा चाकानें स्वतः मोजलेला आहे. अनुमान कितीहि चांगलें असलें तरी त्याला प्रत्यक्षाच्या पाटावर बसवूं नये. शिवाय आज प्रामाणिक हेतूनें आंकडा पुढें नेणारा हात, उद्यां विकण्याच्या वेळीं तो मागें नेण्यासहि सरावतो. जुन्या गाड्यांच्या बाजारांत आंकडे मागें फिरवून गिऱ्हाइकाला नाडणारे लोक कमी नाहींत. त्यांचीं आणि आपलीं हत्यारें एकच असूं नयेत. "मीटरला मीटरचें सांगूं दे, तूं वहींत तुझें लिही," असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें वडिलांच्या अक्षराखालीं आपल्या अक्षरांत लिहिलें: "केबल तुटल्यामुळें अंदाजें ३६० किलोमीटर नोंदले गेले नाहींत." त्याखालीं तारीख घातली. ती ओळ वाचून मातुःश्री म्हणाल्या, "त्यांनीं असेंच लिहिलें असतें."

आमच्या वाचकांपैकीं ज्यांना आपला कांटा खरें सांगतो कीं नाहीं हें पडताळून पाहावयाचें असेल, त्यांस ड्रिलचीहि गरज नाहीं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कांटा एका आंकड्यावर स्थिर ठेवावा, आणि शेजारीं बसलेल्यानें एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले तें घड्याळावर पाहावें. ३६०० ला त्या सेकंदांनीं भागिलें कीं ताशीं वेग निघाला. ६० सेकंद लागले तर ताशीं ६० किलोमीटर. ७२ लागले तर ५०. ९० लागले तर ४०. असें निरनिराळ्या दोन-तीन वेगांवर करून पाहावें. घड्याळ पाहण्याचें काम चालविणाऱ्यानें कदापि करूं नये. हल्लीं खिशांतील दूरध्वनि उपग्रहांच्या साहाय्यानें वेग दाखवितो. त्याच्याशींहि ताडून पाहतां येतें, मात्र तें वेग स्थिर असतां पाहावें. आंकड्यांची परीक्षा करावयाची तर दहा दगडांइतकें अंतर जावें; एकट्या किलोमीटरवरून निर्णय करूं नये. भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून ठरतें, तो स्थालीपुलाकन्याय येथें लागू पडत नाहीं.

कांटा थोडा अधिक दाखवीत असेल तर त्याबद्दल फार चिंता नको. अनेक देशांनीं मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा जो नियम आहे, त्याप्रमाणें वेगदर्शकानें खऱ्या वेगाहून कमी तर कधींच दाखवूं नये. अधिक दाखविला तर तो खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा व त्यावर ४ किलोमीटर, यांहून अधिक नसावा. म्हणजे खरा वेग ६० असतां कांटा ६० पासून ७० पर्यंत कोठेंहि असला तरी तो नियमाच्या आंत आहे. या नियमाचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. अधिक सांगणारा कांटा आपल्याला फार तर थोडा हळू नेईल. कमी सांगणारा कांटा मात्र भरंवसा देऊन घात करील. तेव्हां कांटा कमी दाखवितो असें आढळल्यास हयगय न करतां मीटर जाणत्याकडे द्यावा. मीटर उघडणें, कांटा उपटणें, स्प्रिंगला हात लावणें, हीं कामें घरीं करूं नयेत. तीं घड्याळजीच्या तोडीचीं आहेत. आपल्या हातचें काम मीटरच्या पाठीपर्यंतचें: नट, केबल, वेष्टण आणि पिनियन. सुदैवानें बहुतेक दुखणीं याच टापूंतलीं असतात.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, कोणी "सगळाच मीटर गेला" असें सांगितलें तर पैसे काढण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत. कांटा आणि आंकडे दोन्ही थांबले कीं एकच? आणि केबल काढून पाहिली काय? ज्याला या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील त्याच्या हातीं गाडी निःशंक सोंपवावी. ज्याला देतां येणार नाहींत, त्याला नमस्कार करून गाडी हळू हळू घरीं आणावी. आणि कांटा बंद असल्यामुळें वेगाचा अंदाज मागच्या गाड्यांवरून घ्यावा, पुढच्यांवरून घेऊं नये.